ऋतुवर्णन आणि ऋतुनोंद : भिवंडी परिसराच्या संदर्भात एक परीक्षण

१

मराठी वाङ्मयात ऋतूंची वर्णने विपुल आहेत. ऋतूंच्या नोंदी मात्र विरळ आहेत. वर्णन आणि नोंद यांतील भेद शैलीचा जेवढा आहे, त्याहून अधिक हेतूचा आहे. वर्णन वाचकाच्या मनात एखादा अनुभव जागा करण्यासाठी लिहिले जाते, आणि तो जागा झाला की त्याचे कार्य संपते. नोंद ही पुढे केव्हातरी कोणी तुलना करील या भरवशावर लिहिलेली असते. तिचे खरे कार्य लिहिणाऱ्याच्या पश्चात सुरू होते. पळस फुलला, हे दोघेही सांगतात. परंतु कोणता पळस, कोठला, कोणत्या तारखेस, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात त्याची स्थिती काय होती, हे प्रश्न वर्णनाला विचारता येत नाहीत. नोंदीला ते विचारावेच लागतात.

अशा नोंदींचा एक व्यवस्थित उपक्रम भारतात २०१०-११ च्या सुमारास सुरू झाला. ‘सीझनवॉच’ या नावाने तो ओळखला जातो. म्हैसूरची नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन व बंगळूरचे नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थांनी तो उभा केला असून त्यास विप्रो या उद्योगसंस्थेचे साहाय्य मिळाले. शाळकरी मुले, शिक्षक, गृहिणी, निवृत्त नोकर असे कोणीही आपल्या परिसरातील एखादे झाड निवडावे, दर आठवड्यास त्याची पाने, फुले व फळे पाहावीत आणि ठरलेल्या तक्त्यात स्थिती लिहावी, अशी त्याची योजना आहे. वृक्षांच्या जीवनातील ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या घटनांच्या अभ्यासास ऋतुजैविकी म्हणतात. ही तिची लोकांकडून जमविलेली सामग्री होय.

या सामग्रीचा विचार बहुधा विज्ञानाच्या अंगाने होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तक्ता भरणे हेही एक प्रकारचे लेखन आहे. त्यास संकेत आहेत, शब्दसंपत्ती आहे, काय सांगावे व काय गाळावे याचे नियम आहेत. म्हणून वाङ्मयसमीक्षेची साधने त्यास लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. या परीक्षणासाठी भिवंडीचा परिसर समोर ठेवला आहे. यंत्रमागांचे दाट वस्तीचे शहर, मुंबई-नाशिक रस्त्यालगत पसरलेली गोदामे, त्यांच्यामध्ये उरलेली भातशेती, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूस तानसा नदीकाठची झाडी, असे चार प्रकारचे भूभाग एकाच तालुक्यात जवळजवळ आढळतात. रस्त्यावरचे झाड, बांधावरचे झाड आणि डोंगरातले झाड यांची एकमेकांशी तुलना करण्यास इतकी सोयीची व इतकी कठीण जागा क्वचितच मिळेल.

२

ऋतूंचे निरीक्षण हा विषय भारतीय साहित्यशास्त्रास परका नाही. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कालविभागाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. कोणत्या ऋतूत काय फुलते, कोणते वारे वाहतात, हे कवीला ठाऊक असले पाहिजे असा त्याचा आग्रह आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, ऋतू एकाएकी येतो व एकाएकी जातो असे तो मानीत नाही. संधी, शैशव, प्रौढी आणि अनुवृत्ती अशा ऋतूच्या चार अवस्था तो सांगतो. मागील ऋतूचा शेवट व पुढील ऋतूचा आरंभ जेथे एकत्र नांदतात ती संधी. नव्या ऋतूची चिन्हे तुरळक दिसू लागतात ते शैशव. ती भरास येतात ती प्रौढी. आणि पुढील ऋतू सुरू झाल्यावरही मागे रेंगाळतात ती अनुवृत्ती. सीझनवॉचच्या तक्त्यात पाने, फुले व फळे यांपुढे ‘नाही’, ‘थोडी’, ‘पुष्कळ’ असे जे पर्याय असतात, त्यांच्याशी ही विभागणी ताडून पाहण्यासारखी आहे. तक्त्यातील ‘थोडी’ ही स्थिती बहराच्या आधीही येते आणि बहरानंतरही येते. म्हणजे शैशव आणि अनुवृत्ती यांस तेथे एकच शब्द आहे. सलग नोंदी असतील तर मागचापुढचा संदर्भ पाहून भेद करता येतो. एकट्यादुकट्या नोंदीवरून तो करता येत नाही. सहस्र वर्षांपूर्वीचा साहित्यशास्त्रज्ञ येथे आधुनिक तक्त्याहून अधिक सूक्ष्म ठरतो.

परंतु त्याच राजशेखराने कविसमयांचेही विवेचन केले आहे, आणि तेथे दुसरी बाजू दिसते. जे नाही ते वर्णावे, आणि जे आहे ते वर्णू नये, अशा दोन्ही प्रकारच्या संकेतांची तो नोंद घेतो. वसंतात मालती फुललेली असली तरी तिचे वर्णन कवी करीत नाहीत. चंदनाला फुले-फळे येत असली तरी ती काव्यात येत नाहीत. अशोकाच्या फळांचीही तीच गत. डोळ्यांना दिसते, परंतु लेखणीला दिसत नाही, असा हा प्रकार आहे. पुढे ज्या कोणास जुन्या काव्यावरून त्या काळच्या फुलण्याचे वेळापत्रक काढावयाचे असेल, त्याची येथे फसगत होणार. काव्यातील अभाव हा निसर्गातील अभाव नव्हे.

आधुनिक मराठीत या संकेतांच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथात आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर बारा लेख, अशी त्याची मांडणी आहे. पालवी, मोहर, पाखरे, आकाश, पाऊस यांकडे लेखिकेने संस्कृत काव्याची पूर्वपीठिका मनात बाळगूनही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. लोकसाहित्य व समाजशास्त्र यांच्या अभ्यासाची जोड या पाहण्याला होती. रूढ कविसमयांचे ओझे उतरवून ठेवणारा हा ग्रंथ मराठी ललित गद्यात एक टप्पा मानला जातो, तो सार्थच आहे. तरीही तो वर्णनाचा ग्रंथ आहे, नोंदीचा नव्हे. अनेक वर्षे पाहिलेले एका चैत्रात एकवटावे, अनेक झाडांवरून एका झाडाचे रूप सिद्ध व्हावे, हे ललित लेखनास भूषणावह आहे. नोंदीत मात्र हाच दोष ठरेल. एका प्रकारचे गुण दुसऱ्या प्रकारात मागू नयेत, एवढा विवेक दोन्ही बाजूंनी आवश्यक आहे.

३

हा विवेक सर्वांत आधी लागतो तो कालगणनेच्या बाबतीत. मराठी माणसाच्या मनातील वसंत चैत्राशी बांधलेला आहे. परंतु चैत्र हा चांद्र महिना आहे. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सौर वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी लहान पडते, आणि ही तूट अधिक मासाने भरून काढली जाते. परिणाम असा की, गुढीपाडवा २०२१ साली १३ एप्रिलला होता, २०२३ साली २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला, आणि २०२६ साली १९ मार्चला. म्हणजे पाच वर्षांच्या आत चैत्राचा आरंभ पंचवीस दिवसांनी पुढेमागे झाला. झाडाला चंद्राच्या कलांशी फारसे कर्तव्य नसते; ते दिवसाची लांबी, तापमान आणि मुळाशी असलेले पाणी यांना प्रतिसाद देते. म्हणून ‘यंदा पाडव्याच्या आधीच बहावा फुलला’ या वाक्यात बहाव्याविषयी किती सांगितले आहे आणि पाडव्याविषयी किती, हे वर्ष सांगितल्याशिवाय कळत नाही.

केरळाची तुलना येथे उद्बोधक आहे. सीझनवॉचच्या एकंदर नोंदींत केरळातील शाळांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्याचे एक कारण ‘मातृभूमी’ या मल्याळी वृत्तपत्राच्या शालेय पर्यावरण-चळवळीशी या उपक्रमाची झालेली जोडणी हे आहे. परंतु आणखी एक अनुकूलता तेथे आधीपासून होती. बहावा, म्हणजे तेथील कणिकोन्ना, हे विषू या सणाचे फूल. विषू हा सौर सण आहे. तो दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर, १४ किंवा १५ तारखेस येतो. त्यामुळे विषूच्या कितीतरी आधी कणिकोन्ना फुलून जातो, ही तेथील सामान्य माणसाची तक्रार ढोबळ असली तरी अर्थपूर्ण आहे. तिचा मापदंड स्थिर आहे. पाडव्याच्या आधाराने केलेल्या तशाच मराठी तक्रारीचा मापदंड मात्र स्वतःच हलत असतो.

पण मराठी परंपरेत स्थिर मापदंड नाही असे समजणे चुकीचे होईल. शेतकरी पाऊस मोजतो तो चांद्र महिन्यांनी नव्हे, तर सूर्याच्या नक्षत्रप्रवेशांनी. रोहिणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृग ७-८ जूनला, आणि पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असा क्रम दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतो. भिवंडीच्या भातशेतकऱ्याच्या बोलण्यातील ‘मृगाआधी’ आणि ‘रोहिणीत’ हे शब्द म्हणूनच साहित्यातल्या चैत्र-वैशाखापेक्षा नोंदीच्या अधिक जवळचे आहेत. मराठीतून असा तक्ता तयार करावयाचा असेल, तर तारखेबरोबर नक्षत्राचा रकाना ठेवणे हे लोकभाषेचे कौतुक म्हणून नव्हे, तर वृद्धांच्या स्मरणातील माहिती तारखांना जोडून घेण्याचा मार्ग म्हणून उपयुक्त ठरेल. ‘चैत्रात’ असे कोणी सांगितले तर त्याची तारीख काढता येत नाही. ‘मृगाच्या आठवडाभर आधी’ असे सांगितले तर काढता येते.

४

आता तक्त्याचे गुण. पहिला गुण असा की, तो ‘नाही’ लिहावयास लावतो. ललित लेखक पळस फुलला म्हणजे लिहितो. फुलला नाही म्हणून सहसा लिहीत नाही. परंतु एखादी घटना कोणत्या दिवशी घडली हे ठरविण्यासाठी ती अद्याप घडली नव्हती असा शेवटचा दिवसही ठाऊक असावा लागतो. दर रविवारी पाहणाऱ्यास एका रविवारी फूल दिसले नाही व पुढच्या रविवारी दिसले, तर आरंभ त्या मधल्या सात दिवसांत झाला, एवढे निश्चयाने सांगता येते. ‘नाही’ची नोंद नसेल तर तेवढेही सांगता येत नाही. दुसरा गुण असा की, झाड तेच राहते. निरीक्षकाची नजर जातीवरून व्यक्तीवर येते. पांगारा या जातीविषयी सर्वांनाच थोडेबहुत ठाऊक असते. अमुक वळणावरच्या पांगाऱ्याविषयी तेथून नित्य जाणाऱ्यालाच काही सांगता येते. तिसरा गुण साधेपणाचा. ‘थोडी’ आणि ‘पुष्कळ’ यांत काटेकोरपणा नाही हे खरे. पण बारा वर्षांचे मूल आणि साठ वर्षांचा शिक्षक यांची उत्तरे जुळण्याची शक्यता अशा ढोबळ मोजणीतच अधिक असते.

अशा हौशी नोंदींना मोठी परंपरा आहे. लिनियसने १७५१ साली वनस्पतींच्या पालवण्या-फुलण्यावरून वर्षाचे पंचांग बांधण्याची रीत मांडली. इंग्लंडात नॉर्फक परगण्यातील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या आगमनाची चिन्हे टिपण्यास आरंभ केला, आणि त्याच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालविले. जपानात क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा राजदरबारच्या व इतर दैनंदिन्यांतून जमवून नवव्या शतकापर्यंत मागे नेता आल्या आहेत. २०२१ साली तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, तो तोवरच्या ज्ञात तारखांत सर्वांत आधीचा होता. अमेरिकेत थोरो याने कॉन्कर्ड गावाभोवतीच्या फुलण्याच्या तारखा १८५० नंतरच्या दशकात टिपून ठेवल्या होत्या, आणि एकविसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी त्याच गावी पुन्हा निरीक्षण करून फुलणे किती आधी सरकले हे दाखविले. थोरोचे ‘वॉल्डन’ जगभर वाचले गेले. पण या फुलांच्या तुलनेस उपयोगी पडली ती त्याची वाचकांसाठी न लिहिलेली टाचणे. एकाच लेखकाच्या हातून वर्णन आणि नोंद ही दोन्ही कामे होऊ शकतात, आणि दोन्ही टिकू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

पश्चिम भारतातही अशी सामग्री अगदीच नाही असे नव्हे. ती वेगळ्या रूपात आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियमसारख्या संग्रहांतील वाळविलेल्या प्रत्येक नमुन्यावर तारीख व स्थळ असते. फूल लागलेली फांदी त्या तारखेस त्या जागी फुललेली होती याची ती साक्ष होय. फादर सांतापाऊ यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९५३) वनस्पतींच्या फुलण्या-फळण्याच्या काळाकडे विशेष लक्ष देतो. मात्र ही तज्ज्ञांची कामे आहेत. मराठी वाचकाने स्वतः झाडाकडे वर्षभर पाहून लिहावे, अशी सार्वजनिक सवय आपल्याकडे पडली नाही. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला आणि झाडे लावण्याचा एक विधी आपल्याला मिळाला; लावलेल्या झाडाकडे पाहण्याचा विधी मात्र मिळाला नाही.

५

येथवर गुण सांगितले, आता दोष. त्यांतील काही तक्त्याचे आहेत, तर काही स्थळाचे.

स्वयंसेवकांच्या नोंदींवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ते चुका करतात. हा आक्षेप वाटतो तितका गंभीर नाही. कोणी ‘थोडी’च्या जागी ‘पुष्कळ’ लिहिले, कोणी त्याच्या उलट लिहिले, तर नोंदींची संख्या वाढताच अशा चुका परस्परांना बऱ्याच अंशी छेदून टाकतात. खरी भीती आहे ती एकाच दिशेने होणाऱ्या चुकांची; त्या संख्येने कमी होत नाहीत, उलट अधिक विश्वसनीय दिसू लागतात. यांपैकी सर्वांत फसवी चूक ‘पहिले फूल’ या कल्पनेत दडलेली आहे. भिवंडीत एका वर्षी दहा पळस पाहिले आणि दहा वर्षांनी शंभर पाहिले, तर त्या शंभरांत एखादा अवेळी लवकर फुललेला सापडण्याची शक्यता दहांपेक्षा पुष्कळच अधिक. ऋतू मुळीच सरकला नसला, तरी पाहणारे वाढले एवढ्यानेच पहिल्या फुलाची तारीख आधी सरकलेली दिसेल. उपक्रमाचे यश हेच त्याच्या निष्कर्षाला दूषित करील. यावर उपाय एकच: पहिल्या फुलाची हौस सोडून तीच ती झाडे वर्षानुवर्षे पाहणे, आणि बहराचा मध्य शोधणे. ठरावीक वेळी थोड्या दिवसांत पुष्कळ नोंदी गोळा करण्याच्या मोहिमा उत्साहवर्धक असतात. परंतु दर आठवड्याला एकाच झाडाकडे जाणाऱ्या एका माणसाचे काम शंभर प्रासंगिक निरीक्षकांनी भरून निघत नाही.

दुसरा दोष शब्दांचा. समशीतोष्ण देशांत हिवाळा संपतो, तापमान वाढते, आणि झाडे पालवतात. तेथील तक्त्यांची रचना या एका वळणाभोवती झालेली आहे. मोसमी प्रदेशात असे सरळ वळण नाही. कुसुमाला मार्चमध्ये तांबडी पालवी फुटते, पाऊस तर जूनमध्ये येतो. ऐन कोरड्या, तापलेल्या महिन्यांत झाडे नवी पाने का काढतात? स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर व रॉल्फ बोर्शर्ट यांनी २००६ साली आशियातील मोसमी वनांचे हे कोडे मांडले, आणि दिवसाची वाढती लांबी व खोल मुळांना मिळणारे पाणी यांच्या साहाय्याने ते उलगडण्याचा प्रयत्न केला. पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण स्थितीत फुलतात. बहावा व ताम्हण उन्हाळ्याच्या भरात. साग भर पावसात. येथे ‘वसंताचे आगमन’ असा एकच प्रश्न विचारता येत नाही. प्रत्येक जातीसाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो. उंबराची तर गोष्टच वेगळी. दुर्मिळ माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची आपली रीत त्याच्या फुलांच्या लपलेपणावरच आधारलेली आहे; ती फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. ‘फुले : नाही’ आणि ‘फळे : पुष्कळ’ असे लिहिणारे मूल डोळ्यांशी प्रामाणिक आहे, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुकलेले आहे. तक्त्याने आधीच सूचना दिली नाही, तर दोष मुलाकडे जात नाही.

तिसरा दोष स्थळाचा. शहरातील झाड सर्वस्वी ऋतूच्या स्वाधीन नसते. रस्त्यावरील दिव्याखालची फांदी, फुटक्या नळाचे पाणी मिळणारे मूळ, सांडपाण्याच्या ओढ्याकाठचे खोड, कापड-सुताच्या प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांलगतची उष्ण हवा, या सर्वांचा परिणाम पालवण्यावर होऊ शकतो. पावसाळ्यापूर्वी शहरातून जी छाटणी होते, तिच्यानंतर येणारी पालवी ही कुऱ्हाडीला दिलेले उत्तर असते, ऋतूला दिलेले नव्हे. म्हणून शहरातील नोंद टाकाऊ ठरत नाही. पण छाटणी, दिवा, पाणी यांची नोंद पानाफुलांच्या नोंदीबरोबरच असली पाहिजे. भिवंडीसारख्या ठिकाणी शहरातील पळस आणि गणेशपुरीच्या बाजूचा पळस एकाच तक्त्याने पाहिले, तर दोहोंतील अंतर हाच एक निष्कर्ष होईल. हवामान किती आणि शहर किती, हे वेगळे करण्याची ती एक संधी आहे.

आणि शेवटी झाडाचे नाहीसे होणे. ऋतुचक्र या कल्पनेत परत येणे गृहीत आहे. पळस पुढल्या वर्षी पुन्हा फुलेल हा विश्वास साऱ्या ऋतुवर्णनाच्या मुळाशी असतो. ज्या तालुक्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली, तेथे हा विश्वास प्रत्येक झाडाबाबत टिकेलच असे नाही. निरीक्षणमाला चौथ्या-पाचव्या वर्षी तुटली, तर निरीक्षक कंटाळला की झाड तोडले गेले, हे तक्त्यावरून कळले पाहिजे. ‘झाड उरले नाही’ हीही एक स्थिती आहे, आणि तिला रकाना हवा. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात वृक्षगणनेची तरतूद आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. गणनेत झाडाचे अस्तित्व नोंदले जाते, त्याचे वर्तन नव्हे. गणनेतील वृक्ष आणि शाळेने पाहावयाचा वृक्ष एकच ठेवले, तर दोन्ही कामांना बळ येईल.

६

परीक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निरीक्षकासंबंधी आहे. ‘नागरिक-विज्ञान’ या कल्पनेत एक गृहीतक आहे: सामान्य माणसाला झाडांविषयी फारसे ठाऊक नसते, त्याला पाहावयास शिकविले पाहिजे, आणि त्याने फावल्या वेळात विज्ञानाला साहाय्य करावे. शहरी शाळेतील मुलाबाबत हे खरे आहे. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्टीतील वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी यांच्याबाबत ते तसेच खरे नाही. मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात, आणि ती उजाडताच वेचावी लागतात. वेचणारी स्त्री मार्च-एप्रिलात त्याच झाडांखाली दिवसामागून दिवस जाते. तिचे निरीक्षण साप्ताहिक नसून दैनिक असते. कोणते झाड आधी गळते, कोणते उशिरा, कोणत्या वर्षी फुले कमी आली, हे तिला ठाऊक असणे हौसेचा भाग नाही. त्यावर घरातले अन्न अवलंबून असते. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’तही मोहाची फुले येतात, म्हणजे या भूमीवरील वाङ्मयाच्या अगदी आरंभापासून ही झाडाखालची माणसे लेखनात आहेत. परंतु तेथे ती कवीच्या नजरेने पाहिलेली आहेत. त्यांनी स्वतः काय पाहिले, याचे लेखन दोन सहस्र वर्षांत फारसे झाले नाही.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात येथील वृक्षांची देशी नावांसह माहिती आहे. तिचा कल लाकूड व उपयोग यांकडे आहे. म्हणजे वर्णनाने सौंदर्य पाहिले, सरकारी यादीने उपयोग पाहिला, आणि आताचा तक्ता स्थिती पाहतो. या तिन्ही लेखनांत एक माणूस गैरहजर आहे: ज्याचे ज्ञान झाडाखाली राबून आलेले आहे तो. त्याच्याकडून केवळ ‘माहिती’ घेऊन ती तक्त्यात भरणे हा मार्ग अपुरा आहे. मोहाच्या हंगामाविषयी कोणता प्रश्न विचारावा, हे ठरविण्यातच त्याचा भाग असला पाहिजे. ‘थोडी’ व ‘पुष्कळ’ यांऐवजी तो टोपल्यांनी मोजत असेल, तर टोपली हे मापही स्वीकारण्याजोगे आहे. किंबहुना ते अधिक नेमके आहे.

भिवंडी शहराच्या बाबतीत हाच प्रश्न भाषेच्या रूपाने उभा राहतो. यंत्रमागांमुळे येथे उर्दू, हिंदी, तेलुगू व मराठी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. एकाच्या घरातील पळस दुसऱ्याच्या घरात ढाक किंवा टेसू असतो, तिसऱ्याच्या घरात मोदुग. बहावा कोठे अमलतास होतो, कोठे रेल. शास्त्रीय नावाने हा घोटाळा मिटतो हे खरे, पण मुलाला झाड दाखविणारी आजी शास्त्रीय नावाने झाड दाखवीत नाही. चार भाषांतील नावे एकाच झाडापुढे लिहिली गेली, तर तक्ता अधिक अचूक होईल, आणि ज्या मुलांचा या गावच्या झाडांशी घरातून आलेला संबंध तुटला आहे, त्यांना तो जोडण्यास एक दोरा मिळेल.

७

सारांश, सीझनवॉचसारखा उपक्रम हा मराठी ऋतुवर्णनाच्या परंपरेचा प्रतिस्पर्धी नव्हे, आणि तिची आधुनिक आवृत्तीही नव्हे. ‘ऋतुचक्रा’ने मराठी वाचकाला पाहावयास लावले, नोंद त्याला पुन्हा पुन्हा, त्याच जागी, काही दिसत नसतानाही पाहावयास लावते. पहिल्याला प्रतिभा लागते, दुसऱ्याला चिकाटी. हवामानाची सर्वसाधारण मूल्ये ठरविताना तीस वर्षांचा काळ धरण्याची आंतरराष्ट्रीय प्रथा आहे. त्या मानाने या उपक्रमाची पंधरा-सोळा वर्षे हा अर्धाच पल्ला आहे, आणि त्यातही महाराष्ट्राच्या वाट्याला केरळइतक्या घनदाट नोंदी नाहीत. म्हणून ऋतू किती सरकले याविषयी येथील नोंदींवरून घाईने विधाने करणे इष्ट नाही. या काळात करावयाचे काम निष्कर्षाचे नसून पायाचे आहे.

त्या पायासाठी भिवंडी परिसरात फार मोठ्या साधनांची गरज नाही. पळस, पांगारा, बहावा, मोह, कुसुम, साग अशा थोड्याच जाती. शहरातील, बांधावरची व डोंगरातील मिळून ठरलेली झाडे. तारीख व नक्षत्र असे दोन रकाने. छाटणी व तोड यांसाठी एक रकाना. आणि निरीक्षकांत शाळेतील मुलांबरोबर मोह वेचणाऱ्या बाया. विद्यापीठाच्या विभागांनी यात एक जबाबदारी घ्यावी: भरलेले तक्ते जपून ठेवण्याची. मार्शम घराण्याला दोन शतके जे साधले ते एका घराच्या सातत्याने साधले. आपल्याकडे ते सातत्य शाळा, ग्रामपंचायत आणि विद्यापीठ यांनी मिळून धरावे लागेल. आज भिवंडीच्या एखाद्या मुलीने ‘पळस : फुले नाहीत’ असे लिहिले, तर त्या ओळीत वाचण्यासारखे काही दिसणार नाही. ती वाचणारा तीस वर्षांनी येईल; तोवर ती ओळ, आणि शक्य झाल्यास तो पळस, जागेवर असावा.